मधली वर्षं

जून-जुलैत प्रवेशाचे दिवस सुरू झाले की पुण्याच्या शिवाजीनगर न्यायालयाच्या आसपासच्या टायपिंगवाल्यांकडे अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलामुलींची रांग लागते. सोबत बहुतेक वेळा वडील नाहीतर मामा. ‘गॅपचं करायचंय,’ एवढं म्हटलं की पुरतं. मजकूर संगणकात तयारच असतो. नाव, वय, पत्ता आणि साल तेवढं बदलायचं. अमुक साली बारावी उत्तीर्ण झालो. त्यानंतर अमुक सालापर्यंत कोणत्याही महाविद्यालयात प्रवेश घेतला नाही. कोणत्याही संस्थेत शिकत नव्हतो. कोणत्याही बेकायदेशीर कृत्यात सहभागी नव्हतो. खाली सही होते, नोटरीचा शिक्का बसतो, आणि मुलगा तो कागद फोल्डरमध्ये घालून कॉलेजकडे पळतो.

या कागदाला सगळे ‘गॅप सर्टिफिकेट’ म्हणतात. त्यात त्या मुलाने त्या वर्षात काय केलं, हे सांगणारं एकही वाक्य नसतं. कुणी नीटची दुसऱ्यांदा तयारी केलेली असते, कुणी वडिलांच्या अपघातानंतर वर्षभर दुकान उघडलेलं असतं, कुणी ते वर्ष आजीच्या उशाशी बसून काढलेलं असतं. प्रतिज्ञापत्र यातलं काहीच विचारत नाही. ते फक्त ‘नाही’ मोजतं. मधल्या वर्षांबद्दल बोलायची आपली रीत इथेच पडते, असं मला वाटतं. पुढे दहा-बारा वर्षांनी हिंजवडीत किंवा खराडीत मुलाखतीला बसलेला तोच मुलगा ‘या काळात तुम्ही काय करत होता?’ या प्रश्नावर पुन्हा ‘नाही’चीच यादी वाचतो. नोकरी नव्हती, जमलं नाही, मिळाली नाही.

भोसरीतल्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं उमेदवारांचे अर्ज वाचायचं काम केलं. आता नोकरी शोधणाऱ्यांचे बायोडेटा तपासून देतो. या प्रकरणात जे सांगतो आहे, ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून पाहिलेलं आहे.

मराठीत या रिकाम्या जागेला शब्द पूर्वीपासून आहेत आणि त्यातला एकही मायेचा नाही. घरकामाला येणाऱ्या बाईंचा ‘खाडा’ होतो, आणि महिनाअखेरीला खाडे मोजून पैसे कापले जातात. सरकारी नोकराच्या सेवापुस्तकात ‘सेवाखंड’ पडतो. त्याचे परिणाम गंभीर असतात. खंडामुळे आधीची सेवा निवृत्तिवेतनाच्या हिशेबातून जाऊ शकते, म्हणून तो सक्षम अधिकाऱ्याकडून ‘क्षमापित’ करून घ्यावा लागतो. महाराष्ट्र नागरी सेवा निवृत्तिवेतन नियम 1982 सालचे आहेत, पण त्यातली ही क्षमेची भाषा आपल्या घराघरांत त्याच्याही आधीपासून मुरलेली आहे. ज्या घरात आजोबा झेडपीत आणि वडील एसटीत होते, त्या घरातला मुलगा खाजगी कंपनीच्या मुलाखतीतही क्षमा मागायच्या सुरात बोलतो. खाजगी कंपनीत क्षमा करायला कुणी बसलेलंच नसतं. समोरच्याला तुमचा खंड माफ करायचा नसतो, त्याला एक जागा भरायची असते.

जागा भरणाऱ्याच्या मनात तीन शंका असतात. या माणसाचा हात अजून चालतो का? हा पुन्हा मध्येच सोडून जाईल का? आणि हा माझ्यापासून काही लपवतोय का? पहिल्या दोन खऱ्या शंका आहेत, त्यांना उत्तर द्यावं लागतं, आणि त्यासाठी तयारी लागते. तिसरी शंका मात्र बहुतेक वेळा उमेदवार स्वतःच निर्माण करतो. तारखा पुसट करतो, महिने गाळून फक्त सालं लिहितो, न केलेल्या कामाला ‘फ्रीलान्सिंग’ म्हणतो. पहिल्या दोन शंकांवर भरपूर बोलता आलं असतं, पण तिसरीने आधीच दार लावून घेतलेलं असतं.

लपवणं आता शक्यही राहिलेलं नाही. पूर्वी प्रत्येक कंपनीत पीएफचं खातं वेगळं असायचं. जुनी नोकरी सोडली की तो नंबर एखाद्या डायरीत पडून राहायचा. 2014 पासून भविष्य निर्वाह निधी संघटनेने सभासदाला 12 आकडी यूएएन (युनिव्हर्सल अकाउंट नंबर) द्यायला सुरुवात केली. माणूस कितीही कंपन्या फिरला तरी नंबर तोच. पोर्टलवर ‘सर्व्हिस हिस्ट्री’ उघडली की कंपन्यांची नावं एकाखाली एक येतात, आणि प्रत्येकीपुढे रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख. पुण्यातल्या कंपन्या ऑफर देताना, नाहीतर रुजू झाल्यावर होणाऱ्या पडताळणीत, याच पानाची प्रत मागतात. बायोडेटात ‘मार्च 2022 पर्यंत’ आणि पीएफच्या पानावर ‘ऑगस्ट 2021’ असेल, तर सात महिन्यांचा खोटेपणा एका नजरेत कळतो. अनुभवाची बनावट पत्रं विकणारी माणसं या शहरात आहेत. त्यांच्याकडून पत्र घेतलेली मुलं मला भेटली आहेत. पत्र छान असतं, लेटरहेड छान असतं, पण त्यातल्या वर्षांची पीएफची ओळ कुणी विकू शकत नाही. रुजू झाल्यानंतर तिसऱ्या महिन्यात पडताळणीचा अहवाल येतो आणि त्याच संध्याकाळी लॅपटॉप परत द्यावा लागतो. त्यानंतरचा गॅप समजावून सांगणं फार अवघड असतं.

हे पान स्वतः आधी पाहणं म्हणूनच महत्त्वाचं. ते नेहमी खरं बोलतंच असंही नाही. जुन्या कंपनीने सोडल्याची तारीख भरलेलीच नसते, आणि मग कागदावर माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी नोकरी करताना दिसतो. शेवटची वर्गणी जमा होऊन दोन महिने झाल्यावर सभासदाला ही तारीख आधारच्या ओटीपीने स्वतः नोंदवता येते. पाच मिनिटांचं काम आहे, पण ते मुलाखतीआधी करायचं असतं. दुसरी गोष्ट उलट्या बाजूची. पीएफचा कायदा साधारणपणे 20 किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांना लागू होतो. भोसरीच्या आठ माणसांच्या वर्कशॉपमध्ये किंवा कोथरूडच्या एखाद्या क्लासमध्ये तीन वर्षं राबलेल्या माणसाची त्या पानावर एकही ओळ नसते. त्याने काम केलेलं असतं आणि कागद म्हणतो गॅप. अशा माणसाने बँकेच्या पासबुकात दर महिन्याला जमा झालेल्या पगारावर खुणा करून ठेवाव्यात, मालकाकडून साध्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून घ्याव्यात, आणि मालकाचा मोबाइल नंबर त्याला विचारून द्यावा.

आणि पैशांची निकड कितीही असली तरी मधल्या काळात पीएफमधला पेन्शनचा भाग काढून घेण्याआधी दहादा विचार करावा. ईपीएस म्हणजे पीएफसोबतची पेन्शन योजना; तिच्या पेन्शनसाठी 10 वर्षांची सेवा लागते. मध्ये गॅप पडला म्हणून आधीची वर्षं जात नाहीत, वेगवेगळ्या कंपन्यांतली वर्षं जोडली जातात. पण पेन्शनची रक्कम काढून घेतली, की ती वर्षं मोजणीतून गेली. सहा-सात वर्षांची सेवा असलेल्याने रक्कम काढण्याऐवजी स्कीम सर्टिफिकेट घेऊन ठेवलं तर ती सेवा पुढच्या नोकरीला जोडता येते.

आता पुण्याच्या खास अशा गॅपकडे येतो. सदाशिव पेठ, नारायण पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. या भागातल्या जुन्या वाड्यांच्या आणि नव्या इमारतींच्या मजल्यांवर अभ्यासिका आहेत. प्लायवूडने विभागलेल्या अडीच फुटी जागा, प्रत्येक जागेला नंबर, वर एक छोटा दिवा, भिंतीवर ‘मोबाइल सायलेंट ठेवा’. सकाळी सहाला कुलूप उघडतं. दुपारी मेसचा डबा. अप्पा बळवंत चौकातून घेतलेली जुनी पुस्तकं, त्यावर आधीच्या वाचकाने पिवळ्या रंगाने ओढलेल्या रेघा. मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून आलेली मुलंमुली इथे राज्यसेवा, कम्बाईन, तलाठी, पीएसआय, एसटीआय यांची तयारी करतात. दोन वर्षांसाठी आलेला मुलगा पाच वर्षं राहतो. राज्यसेवेला खुल्या गटासाठी वयाची मर्यादा 38 आणि मागासवर्गीयांसाठी 43 असल्याने थांबायची वेळ परीक्षा सांगत नाही. ती आपली आपल्यालाच ठरवावी लागते.

या मुलांच्या गॅपमधली काही वर्षं त्यांनी घेतलेलीसुद्धा नसतात. राज्य लोकसेवा आयोगाची, म्हणजे एमपीएससीची, 2020 ची राज्यसेवा पूर्वपरीक्षा 5 एप्रिल 2020 ला ठरली होती. करोना आला, तारखा पुन्हा पुन्हा पुढे गेल्या. अखेर 14 मार्च 2021 ही तारीख ठरली आणि तीही तीन दिवस आधी, 11 मार्चला रद्द झाली. त्या संध्याकाळी पुण्यात हजारो मुलं रस्त्यावर उतरली. परीक्षा 21 मार्चला झाली. एका पूर्वपरीक्षेसाठी जवळजवळ वर्ष. 2024 मध्ये 25 ऑगस्टची पूर्वपरीक्षा आयबीपीएसच्या परीक्षेच्या दिवशीच आली. पुण्यात पुन्हा आंदोलन झालं, परीक्षा पुढे गेली आणि 1 डिसेंबरला झाली. मुख्य परीक्षेची वर्णनात्मक पद्धत 2023 पासून की 2025 पासून, यावरचं आंदोलनही याच शहरात झालं. हे सगळं आपल्याला माहीत असतं. चाकणच्या प्लँट हेडला, त्यातही तो चेन्नईहून आलेला असेल तर, यातलं काही माहीत नसतं. त्याला फक्त दिसतं की 2020 पासून 2024 पर्यंत हा मुलगा कुठेच नाही.

असाच एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. मेकॅनिकल इंजिनिअर, दीड वर्ष एका कारखान्याच्या क्वालिटी विभागात काम केलेला, मग चार वर्षं अभ्यासिकेत. त्याने बायोडेटात त्या चार वर्षांपुढे ‘फ्रीलान्स डिझाइन प्रोजेक्ट्स’ लिहिलं होतं. मी विचारलं, कोणतं सॉफ्टवेअर वापरलंस, एक तरी ड्रॉइंग दाखव. तो खाली बघायला लागला. म्हणाला, ‘सर, एमपीएससी लिहिलं की लोक फेल झालेला समजतात.’

त्याची भीती खोटी नव्हती. पण मी त्याला विचारलं की त्या चार वर्षांत तू नेमकं कुठवर पोहोचलास. दोनदा पूर्वपरीक्षा निघाली होती, दोनदा मुख्य परीक्षा दिली होती, दुसऱ्या वेळी मुलाखतीची यादी थोड्या गुणांनी हुकली होती. दर वर्षी लाखो मुलं अर्ज करतात त्या परीक्षेच्या दुसऱ्या पायरीपर्यंत दोनदा जाणं ही लपवायची गोष्ट आहे का? आम्ही ती ओळ खोडली आणि दुसरी लिहिली: ‘2020 ते 2024, राज्यसेवा परीक्षेची पूर्णवेळ तयारी, मुख्य परीक्षेपर्यंत 2 वेळा.’ विशेषणं नाहीत. चिकाटी, शिस्त, तणावाखाली काम करायची क्षमता, असले शब्दही नाहीत. ते शब्द वाचणाऱ्याने स्वतः मनात आणायचे असतात. उमेदवाराने लिहिले की ते स्वस्त होतात. केंद्रीय लोकसेवा आयोगसुद्धा आता या दिशेने विचार करतो. मुलाखतीपर्यंत पोहोचूनही यादीत न आलेल्या आणि संमती दिलेल्या उमेदवारांची माहिती तो नोकरी देणाऱ्यांना उपलब्ध करून देतो. ‘प्रतिभा सेतू’ हे त्या उपक्रमाचं आजचं नाव. राज्याच्या आयोगाच्या बाबतीतही असं काही व्हावं, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

एमपीएससीच्या गॅपबद्दल पहिला प्रश्न क्वचितच ‘काय शिकलात’ असा असतो. तो असतो, ‘उद्या जाहिरात आली तर?’ ही दुसरी शंका आहे, पुन्हा जाशील का. या प्रश्नाला जो मुलगा ‘नाही नाही सर, आता अजिबात नाही’ म्हणतो, त्याच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. ज्याने घरी बसून खरोखर ठरवलं आहे, त्याच्याकडे कारण असतं आणि तारीख असते. कुणी सांगतो की घरचं कर्ज आहे. कुणी सांगतो की शेवटचा प्रयत्न कोणता ते आधीच ठरवलं होतं आणि तो झाला. ठरवलं नसेल तर आधी ते ठरवावं, मग अर्ज करावा. उत्तर मुलाखतीच्या खोलीत तयार होत नाही.

चाकण-भोसरी-तळेगावच्या पट्ट्यात आणखी एक गॅप आहे, तो उमेदवाराने पाडलेलाच नसतो. तिथले तात्पुरते कामगार म्हणतात, ‘सात महिन्यांवर ब्रेक दिला.’ औद्योगिक विवाद कायदा, 1947 मध्ये 12 महिन्यांत 240 दिवस काम म्हणजे एक वर्षाची सलग सेवा, अशी व्याख्या होती, आणि सलग सेवेला संरक्षण होतं. तो आकडा पूर्ण होऊ नये म्हणून त्याआधीच माणूस थांबवायचा आणि काही आठवड्यांनी पुन्हा घ्यायचा, नाहीतर त्याच्या जागी दुसरा घ्यायचा, ही पद्धत या पट्ट्यात वर्षानुवर्षं चालत आली. महाराष्ट्राच्या 1971 च्या कामगार संघ मान्यता व अनुचित प्रथा कायद्यात, कायमपणाचे हक्क मिळू नयेत या हेतूने माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा तात्पुरता ठेवणं ही अनुचित कामगार प्रथा म्हणून स्पष्ट लिहिलेली होती. तरीही आयटीआय झालेल्या कितीतरी पोरांच्या बायोडेटात सात महिने काम, दोन महिने रिकामे, सात महिने काम, तीन महिने रिकामे, अशी शिवण दिसते. अर्ज वाचणारा नवखा असेल तर त्याला हा मुलगा कुठेच टिकत नाही असं वाटतं. अशा मुलाने प्रत्येक नोकरीपुढे ‘तात्पुरती, करार संपला’ असं लिहावं, आणि एकाच कंपनीने पुन्हा बोलावलं असेल तर ते ठळक लिहावं. ज्याचं काम वाईट त्याला कुणी दुसऱ्यांदा बोलावत नाही.

बायकांच्या बाबतीत हा प्रश्न सगळ्यांत कठोरपणे विचारला जातो, आणि त्याचं उत्तरही सगळ्यांत चुकीच्या पद्धतीने दिलं जातं. आधी एक साधी दुरुस्ती. प्रसूती रजा म्हणजे गॅप नव्हे. 2017 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी ती 26 आठवडे झाली. त्या काळात नोकरी चालू असते, पगार चालू असतो. तरी अनेक मुली बायोडेटात तेवढे सहा महिने रिकामे सोडतात. सोडू नयेत. खरा प्रश्न पुढचा असतो. रजा संपते, पाळणाघर सापडत नाही, सासूबाईंचा गुडघा दुखतो, बाणेरहून खराडीला जायला दीड तास लागतो, आणि एक दिवस राजीनामा द्यावा लागतो. तीन वर्षांसाठी म्हणून सोडलेली नोकरी सात वर्षं मागेच राहते.

अमेरिकेतल्या समाजशास्त्रज्ञ केट वाइसहार यांनी 2018 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी काल्पनिक उमेदवारांचे अर्ज नोकरीच्या जाहिरातींना पाठवले. काही नोकरीत असलेले, काही नोकरी गेलेले आणि काही मुलांसाठी स्वतःहून घरी थांबलेले. नोकरीत नसलेल्या दोन्ही गटांत रिकामा काळ सारखाच होता. नोकरी गेलेल्या आईला जितके फोन आले, त्याच्या जवळपास निम्मेच फोन घरी थांबलेल्या आईला आले. म्हणजे ज्यांना कंपनीने काढलं त्यांच्यापेक्षा ज्यांनी स्वतः निवड केली त्यांच्यावर संशय जास्त. घर निवडणारी बाई कामाला पुरेशी वाहिलेली नाही, असं गृहीत धरलं जातं. हे अन्यायाचं आहे. पण एकदा कळलं की उत्तराची दिशाही कळते. ‘मुलांसाठी घरी होते’ एवढ्यावर वाक्य संपवू नये. दुसरं वाक्य आजचं हवं: मुलगी आता पहिलीत आहे, शाळेनंतर चार ते सात पाळणाघर ठरलं आहे, गेल्या सहा महिन्यांत अमुक कोर्स केला, अमुक प्रकल्प केला. कारण एका वाक्यात, आणि बाकी सगळं आजच्याबद्दल.

खंड पडलेल्या बायकांना पुन्हा उभं करायचं काम पुण्याने एकेकाळी फार मोठ्या मनाने केलेलं आहे. 1909 साली रमाबाई रानडे आणि गोपाळ कृष्ण देवधर यांनी पुण्यात सेवासदन सुरू केलं, तेव्हा तिथे येणाऱ्या बायकांच्या आयुष्यात गॅप हा शब्दही पुरला नसता. लहानपणी लग्न झालेल्या, विधवा होऊन दहा-पंधरा वर्षं माजघरात राहिलेल्या, अक्षरओळखही नसलेल्या बायका. सेवासदनाने त्यांना शिकवलं, शिक्षिका केलं, ससून रुग्णालयात परिचारिकेचं काम शिकायला पाठवलं. त्यांच्या मागच्या वर्षांचा हिशेब मागत बसलं असतं, तर ते दार एकीसाठीही उघडलं नसतं. आजच्या कंपन्या ‘रिटर्नशिप’ म्हणून जे चालवतात, टाटा समूहाने 2008 मध्ये खास खंड पडलेल्या स्त्रियांसाठी जो सेकंड करिअर कार्यक्रम काढला, केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2002-03 पासून स्त्री शास्त्रज्ञांसाठी जी योजना चालवली, त्यांची नाळ मी लक्ष्मी रस्त्यावरच्या त्या संस्थेशी जोडतो. एनसीएल किंवा आघारकर संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी पुन्हा प्रयोगशाळेत जायचं स्वप्न असलेल्या बाईने या शेवटच्या योजनेची आजची स्थिती विचारून घ्यावी. त्या योजनेत खंड हा दोष नसून अर्जाचं कारण होता.

नोकरी गेली असेल तर तसं म्हणावं. जुलै 2025 मध्ये टीसीएसने सुमारे 12 हजार माणसं कमी करणार असं जाहीर केल्यापासून पुण्यातल्या मुलाखत घेणाऱ्यांनाही हे नवं राहिलेलं नाही. त्यांच्यातल्या कितीजणांचे मित्र त्या यादीत होते. ‘आमची संपूर्ण टीम बंद झाली’ हे एक वाक्य पुरे. जुन्या साहेबांबद्दल दुसरं वाक्य नको.

आजारपणाचंही तसंच. आजाराचं नाव सांगायची गरज नसते. ‘प्रकृतीच्या कारणासाठी थांबलो होतो, आता डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली आहे,’ यात तिन्ही शंकांची उत्तरं येतात. मानसिक आजाराच्या बाबतीत लोक फार घाबरतात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गोपनीय राहण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे, आणि डॉक्टर ती तुमच्या संमतीशिवाय मालकाला देऊ शकत नाहीत. आपण स्वतःही तो हक्क वापरावा.

ब्रिटनमधल्या संशोधकांनी नऊ हजारांहून जास्त जाहिरातींना अर्ज पाठवून पाहिलं, की नोकरीपुढे तारखांऐवजी ‘4 वर्षं’ असा फक्त काळ लिहिला तर काय होतं. अशा अर्जांना जास्त फोन आले. कल्पना चांगली आहे, आणि पहिल्या पानावर ठळकपणे ‘क्वालिटी विभागाचा 5 वर्षांचा अनुभव’ असं लिहायला काहीच हरकत नाही. पण आपल्याकडे तारखा दुसऱ्या पानावर द्याव्याच लागतात, कारण त्या आज ना उद्या पीएफच्या पानावरून निघणारच. त्या आपण सांगितलेल्या बऱ्या. गॅप किती लांबला हेही बघावं. अमेरिकेतल्या एका मोठ्या प्रयोगात रिकाम्या काळाच्या पहिल्या आठ महिन्यांत मुलाखतीचे फोन झपाट्याने कमी होत गेले आणि मग घसरण थांबली. नुकती नोकरी गेलेल्याने ‘आधी जरा विश्रांती घेतो’ म्हणून सहा महिने घालवू नयेत, हा त्याचा एक अर्थ. आणि ज्याचा गॅप आधीच चार वर्षांचा आहे त्याने आणखी दोन महिने तयारीला घेतले तर फार बिघडत नाही, हा दुसरा.

तो मेकॅनिकलचा मुलगा तेच करत होता. ओळ खोडून झाल्यावर मी त्याला अर्ज लगेच पाठवू दिला नाही. भोसरीत त्याच्या गावच्या एकाचं छोटं वर्कशॉप होतं. तिथे तो तीन आठवडे रोज गेला. मशीनवरून उतरलेले भाग मोजायचे, वहीत लिहायचे, पुन्हा मोजायचे. पहिल्या दिवशी त्याचे आकडे मालकाच्या आकड्यांशी जुळले नाहीत. चौथ्या दिवशी जुळायला लागले.

चाकणच्या मुलाखतीला तो गेला तेव्हा बायोडेटात ती एक ओळ होती. साहेबांनी बोट ठेवून विचारलं, ‘एमपीएससी. मग, जाहिरात आली तर जाणार?’ त्याने सांगितलं की शेवटचा प्रयत्न कोणता हे मी वडिलांसमोर आधीच ठरवलं होतं, तो झाला, दोन वेळा मुख्य परीक्षेपर्यंत गेलो, तिसऱ्यांदा फॉर्म भरलेला नाही. साहेब थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी टेबलाच्या खणातून एक पितळी बुश काढला, शेजारचा व्हर्नियर उचलला, आणि दोन्ही त्याच्यापुढे सरकवले.